सेकंड मालाचे टॉवेल

आमच्या घरात सध्या छत्तीस टॉवेल वापरात आहेत, त्यातले पाच माणसांचे. बाकीचे एकतीस गड्डूचे. गड्डू म्हणजे आमचा कुत्रा, सेंट बर्नार्ड, वय साडेतीन वर्षं, वजन ६८ किलो (डॉक्टरांच्या काट्यावर तो मावत नाही, ओळखीच्या एका सुताच्या गोदामात नेऊन करावं लागतं), मुक्काम पोस्ट सोलापूर. शेवटचा शब्द परत वाचा, सगळा घोळ तिथंच आहे.

टॉवेल कुठं कुठं असतात ते सांगते. एक दाराच्या कडीला, एक फ्रिजच्या हँडलला, दोन सोफ्याच्या पाठीवर, एक टीव्हीच्या खाली, एक देवघराच्या बाहेर (आतला देवाचा, त्याला हात लावायचा नाही), आणि एक कायम सासऱ्यांच्या खांद्यावर. पाहुणे आले की त्यांना चहाच्या आधी टॉवेल मिळतो. नवीन माणसाला वाटतं वा, हातपाय धुवायला दिला, काय ते जुने संस्कार! मग गड्डू पाणी पिऊन येतो.

त्याचं पाणी पिणं म्हणजे एक कार्यक्रम असतो. बादलीत तोंड घालतो, लप लप लप, अर्धं पाणी पोटात जातं, पाव फरशीवर आणि उरलेलं पाव तो ओठांच्या झोळीत भरून घेऊन निघतो. कुणाकडे तरी प्रेमानं यायचं असतं त्याला. वाटेत धार लागलेली असते आणि मधेच थांबून तो मान झटकतो. ती मान एकदा झटकली की लाळेची तार कुठं जाईल ते सिद्धेश्वरालाच ठाऊक. कॅलेंडरवर गेलीय, ट्यूबलाइटवर गेलीय, एकदा पंख्याच्या पात्यावर गेली आणि पंखा तीनवर होता, पुढचं तुम्हीच इमॅजिन करा. वाळली की अंड्यातल्या पांढऱ्यासारखी चकचकीत रेघ उरते भिंतीवर. आमच्या हॉलला रंग कुठला असं विचारलं तर मी म्हणते वरती पिस्ता आणि कमरेखाली गड्डू.

मला आधी वाटायचं याला लाळ जास्त सुटते, काहीतरी आजार असेल. डॉक्टर म्हणाले तसं नाही, लाळ इतर कुत्र्यांसारखीच, पण याचे ओठ बघा की किती ढिले आहेत, कडेला लोंबतात, त्यात काही थांबतच नाही. म्हणजे टाकी नॉर्मल आहे, तोटी गळकी आहे. सोलापूरच्या बाईला हे लगेच समजतं.

आता हा सोलापुरात आला कसा. चिरंजीव बारावीत होते आणि दिवसभर मोबाइलवर बर्फातल्या कुत्र्यांचे रील बघायचे. सहामाहीला अमुक टक्के पडले तर कुत्रा, अशी बोली झाली. पडले. नवऱ्यानं पुण्याजवळच्या एका ब्रीडरला पंचवीस हजार मोजले. मी त्या माणसाला विचारलं होतं हो, विचारलं नाही असं नाही, की आमच्याकडे मेमध्ये ४३-४४ पर्यंत जातं, चालेल का? तो म्हणाला, मॅडम एसी लावला की झालं. मी गप्प बसले. कारण टोपलीत ते पिल्लू झोपलं होतं आणि त्याचा पंजा माझ्या तळहाताएवढा होता. नंतर पुष्कळ वेळा वाटलं की त्या क्षणी मी बोलायला हवं होतं, पण पंजा बघून माणसाचं डोकं चालत नाही.

पिल्लू घरी आलं जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा चालू होती, नंदीध्वज निघालेले, होम मैदानावर पाळणे लागलेले, गल्लीतल्या पोरांनी त्याला बघितलं आणि गड्डू म्हणायला लागली. चिरंजीवांनी काहीतरी इंग्लिश नाव ठरवलं होतं, ते कागदावरच राहिलं. पुढं सहा महिन्यांत चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंगला गेले आणि कुत्रा माझा झाला. ही गोष्ट सगळ्या आयांना माहितीये, जास्त बोलत नाही.

मी खरं तर सासऱ्यांना घाबरत होते. अण्णा आयुष्यभर मागावर. आमचं घर पूर्व भागात, मागच्या अंगाला शेड, तिथं आठ यंत्रमाग होते, टॉवेलचे. २०१९ ला शेवटचे चार भंगारात गेले, तेव्हापासून अण्णा दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघायचे, बोलणं फार कमी झालेलं. कुत्रा त्यांना चालणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती, आणि नव्हताच चालत, पहिले दोन महिने त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग एक दिवस मी गड्डूचं तोंड नव्याकोऱ्या टॉवेलनं पुसत होते, लाळ नुसती इकडून तिकडं पसरत होती, आणि ओट्यावरून आवाज आला, "कोरा टॉवेल पाणी पीत नाही. तीनदा धुऊन घे आधी."

मी बघतच राहिले. अण्णा उठले, आत गेले, माळ्यावरून एक गठ्ठा काढला. सेकंडचा माल. म्हणजे कुठं लूप सुटलेला, कुठं काठ वाकडा, कुठं तेलाचा डाग, असला जो माल व्यापारी घेत नाही तो. आणि मग माझा क्लासच झाला. टॉवेलला दोन बीम, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांचे रूळ, लागतात, एक जमिनीच्या ताण्याचा, घट्ट, आणि एक लूपचा, सैल. तीन आडवे धागे भरले की फणी एकदम पुढं ठोकते आणि सैल ताणा उभा राहतो, तोच लूप. पाणी पितो तो लूप. कोऱ्या मालावर फिनिशिंगचं केमिकल असतं त्यामुळं मऊ लागतो, दुकानात हात फिरवून गिऱ्हाईक खूश, पण पाणी घेत नाही. "याला जाड नको, जाड टॉवेल वाळत नाही, वास मारतो. मध्यम वजनाचा, लांब लूपचा दे." त्या दिवशी अण्णा जेवढं बोलले तेवढं मागच्या वर्षभरात बोलले नसतील. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय म्हणून लोक कौतुक करतात, आमच्याकडे त्या टॉवेलचं ग्रेडिंग आता एका कुत्र्याच्या जबड्यावर होतं. कुठला टॉवेल किती पुसण्यांनंतर ओला होतो हे अण्णांना तोंडपाठ आहे.

लाळेचं असं मार्गी लागलं. केसांचं मार्गी लागतच नाही.

याच्या अंगावर दोन थर आहेत, वरचा लांब राठ आणि आतला कापसासारखा. थंडीच्या मुलखात वर्षातून दोनदा आतला थर झडतो म्हणे. आमच्याकडे थंडी कुठून आणायची, त्यामुळं बारमाही चालू. मी शाळेत शिकवते, काळी साडी नेसायची सोडून तीन वर्षं झाली. रोज संध्याकाळी शेडमध्ये मोठ्या दातांच्या ब्रशनं विंचरायचं, अर्ध्या तासात अजून एक छोटा कुत्रा तयार होतो. भाकरी थापताना काटवटीत केस. कडक भाकरी तुम्हाला माहीत असेल, पातळ, पापडासारखी, महिनाभर टिकते, त्यात केस भाजला गेला की उजेडाकडं धरल्यावर काचेत तडा गेल्यासारखा दिसतो. नवरा आता बघतही नाही, मोडतो आणि खातो.

एकदा अण्णांनी विंचरलेल्या केसांचा पुंजका घेतला, मांडीवर पिळला, दोन बोटांत ताणून बघितला. मला म्हणाले तंतू लांबीला बरा आहे, मऊ आहे, पण धरत नाही, लोकरीला जो निसर्गाचा कुरळेपणा असतो तो याला नाही, सुताची साथ दिली तर धागा होईल. आणि खरंच विताएवढा धागा केला त्यांनी. तो अजून देवघराच्या खिळ्याला गुंडाळलेला आहे, कशासाठी ते विचारायचं नाही. बाकी केसांची उशी भरली. त्या उशीवर गड्डूच झोपतो, म्हणजे माल फिरून मालकाकडे.

शेजारच्या अव्वा विड्या वळतात. तेलुगू बोलणाऱ्या, सत्तरीच्या, ओट्यावर सूप मांडीवर घेऊन बसतात, पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायची, दोऱ्यानं बांधायची, बोटं बघत राहावीत अशी. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे. एका आठवड्यात कारखान्यात त्यांच्या शंभरेक विड्या छाट निघाल्या आणि त्या सूप घेऊनच आमच्या दारात उभ्या. "ओढणारा खोकेल की गं, कुत्रा ओढलालाय म्हणून!" आम्ही पैसे भरून दिले. त्यांनी घेतले आणि मोजूनही घेतले. तरी गड्डू ऐकतो मात्र त्यांचंच. मी दहादा बस म्हटलं तर माझ्याकडे बघत उभा राहतो, त्यांनी एकदा "कूसो" म्हटलं की धपकन खाली. शेंगा चटणीची भाकरी द्यायच्या त्याला चोरून, मग मी सांगितलं की अव्वा लसूण कुत्र्याला विष आहे, कांदा पण, तेव्हापासून नुसती भाकरी देतात आणि माझ्याकडे रागानं बघतात.

आणि आमच्या जाऊबाईंच्या रेशमी साडीचं काय झालं ते मी इथं लिहिणार नाही, हळदीकुंकवाला गड्डूला शेडमध्ये बांधायला हवं होतं एवढंच.

असं हसत खेळत चाललं होतं खरं. पण मी एकीकडे वाचत गेले आणि वाचेल तसं हसू कमी होत गेलं.

ही जात जिथली आहे ती ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड, स्वित्झर्लंडमध्ये, इटलीच्या सीमेलगत, उंची २,४६९ मीटर. सोलापूर साडेचारशेच्या आसपास. तिथं हजारेक वर्षांपासून एक मठ आहे, वाटसरूंसाठी, आणि सतराव्या शतकापासून ते साधू ही कुत्री पाळत होते, बर्फात चुकलेली माणसं शोधायला. त्यातला बॅरी नावाचा एक तर फार प्रसिद्ध, चाळीसहून जास्त माणसं वाचवली म्हणतात, १८१४ मध्ये मेला आणि पेंढा भरून बर्नच्या म्युझियममध्ये अजून उभा आहे. शाळेतली पोरं मला हमखास गळ्यातल्या दारूच्या पिंपाविषयी विचारतात. तसं काही नव्हतं, १८२० च्या एका इंग्लिश चित्रात चित्रकारानं ते पिंप काढलं आणि तेच सगळ्यांच्या डोक्यात बसलं. गड्डूच्या गळ्यात टॉवेल असतो.

पण मला खरा धक्का बसला तो केसांच्या बाबतीत. जुनी कुत्री आखूड केसांची होती. एकोणिसाव्या शतकात कडक हिवाळे आणि हिमकडे कोसळून बरीच मेली, मग साधारण १८५० च्या सुमाराला साधूंनी न्यूफाउंडलंड जातीशी संकर केला, की लांब केसांनी थंडी कमी लागेल. झालं उलटंच. लांब केसांना बर्फाचे गोळे चिकटायचे, अंग जड व्हायचं, कुत्री चालेनात. मग लांब केसांची पिल्लं त्यांनी खाली दरीतल्या लोकांना देऊन टाकली, आणि लोकांना ती दिसायला आवडली, तीच जगभर गेली. म्हणजे हा जो कोट माझ्या काटवटीत आणि अव्वांच्या जर्द्यात झडतोय तो बर्फातसुद्धा कामाचा नव्हता! तो ना तिथला ना इथला. फक्त बघायला छान. मी ब्रश हातात धरून कितीतरी वेळ बसले होते त्या दिवशी. तिथला पण सेकंडचाच माल की हा, मी अण्णांना म्हटलं. अण्णा म्हणाले, सेकंड मालात दोष मालाचा नसतो, मागाचा असतो.

कापून का टाकत नाही, असं सगळे विचारतात. मीही विचारलं. डॉक्टरांनी नको सांगितलं, वरचा थर उन्हालाही अडवतो, सफाचट केला तर कातडी भाजते आणि परत केस नीट येतीलच असं नाही, आतला मेलेला थर विंचरून काढा, हवा खेळती राहू द्या. पोटाकडचे तेवढे आम्ही कमी करतो, फरशीला पोट नीट टेकावं म्हणून. त्याची आवडती जागा शेडमध्ये आहे. अण्णांच्या वडिलांचा हातमाग होता तिथं, खड्ड्याचा, विणकर खड्ड्यात पाय सोडून बसायचा तो. खड्डा कधीच मातीनं बुजवलेला, वर शहाबादी फरशी. हॉलमधल्या गुळगुळीत टाइल्स सोडून गड्डूनं ती एक फरशी शोधून काढली, मग पंज्यानं सरकवली, मग माती उकरली. आता मार्च ते जून तो त्या खड्ड्यात असतो, मागचं अर्धं अंग आत आणि तोंड बाहेर, अगदी मागावर बसल्यासारखा. अण्णांनी बुजवू दिला नाही.

उन्हाळ्याचं आमचं टाइमटेबल त्याच्यावर चालतं. फिरायला पहाटे पाच आणि रात्री दहानंतर, त्याआधी तळहात डांबरावर ठेवून बघायचा, मला सोसलं तर त्याला. जेवण तीन वेळा थोडं थोडं आणि वर तासभर हुंदडणं नाही, मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो. कूलर दिवसभर. आंघोळ दोन महिन्यांतून एकदा, कारण नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि याच्या एका आंघोळीला दोन माणसांचं आठवड्याचं पाणी लागतं.

मला वाटायचं मे काढला की सुटलो. चुकीचं होतं ते. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंज्यांना, बाकी सगळा कारभार जिभेवर, धापा टाकायच्या, लाळ उडून जाईल तसं अंग गार होतं. कूलरसारखंच. आणि कूलर चालतो कोरड्या हवेत. आमचा मे कोरडा असतो, म्हणून ४३ लाही गड्डू खड्ड्यात पडून निभावतो. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी एक सर येऊन गेली, दहा मिनिटांची, आम्ही सगळे ओट्यावर, मातीचा वास, वा वा चाललंय. मग वळीव संपला आणि हवा अशी दाटली की श्वास घेववेना, त्यात लाइट गेली. पारा ३६ वगैरे असेल, मेच्या मानानं काहीच नाही.

गड्डू खड्ड्यातून उठून आला आणि दारात पाय फाकवून उभा राहिला. धाप वेगळीच होती, घर्र आवाजाची. तोंडाला हात लावला तर लाळ रोजची पाण्यासारखी नव्हती, घट्ट, दोरीसारखी, तुटतच नव्हती. हिरड्या लालभडक. मग मागचे पाय गेले आणि तो खाली बसला, बसला म्हणजे कोसळला.

अण्णा धावले. ७६ वर्षांचा माणूस धावला. टॉवेल, सगळे टॉवेल, कडीचा, फ्रिजचा, सोफ्यावरचे, बादलीत बुडवले आणि एकावर एक त्याच्या अंगावर पसरले, पाठीवर, पोटावर, डोक्यावर. मी डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. डॉक्टर म्हणाले काय केलंय आत्तापर्यंत? म्हटलं ओले टॉवेल टाकलेत. ते ओरडलेच, "काढा आधी ते! पांघरूण होतंय त्याचं, आतली गरमी आत राहतेय. नुसतं पाणी ओता, पोटाला, जांघेत, पंज्यांना, आणि वारा घाला. मग घेऊन या."

अण्णांचे हात थांबले. एक सेकंदच, पण मी बघितलं. मग एकेक टॉवेल काढून त्यांनी बाजूला टाकला.

आणि पाणी? चौथा दिवस होता. ड्रममध्ये तळाला होतं ते संपलं, टाकीतलं संपलं, नवरा पिण्याचा माठ घेऊन आला. मी ओतत होते, अण्णा जुन्या पुठ्ठ्यानं वारा घालत होते आणि माठ रिकामा झाला तेव्हा मागून घागर पुढं आली. अव्वा. एक, मग दुसरी, मग त्यांची सून तिसरी घेऊन. कुणी काही बोललं नाही. अर्ध्या तासानं त्याला चादरीच्या झोळीत घालून टेम्पोत चढवला, सहा माणसं लागली. दवाखान्यात ताप बघितला तर अजून १०५ होता, कुत्र्याचा नॉर्मल १०१-१०२ धरा. दोन सलाइन, रात्रभर मुक्काम. सकाळी साडेसहाला डॉक्टरांच्या पॅन्टवर त्यानं मान झटकली आणि डॉक्टर म्हणाले, न्या आता.

घरी आलो तेव्हा अव्वा ओट्यावर विड्या वळत होत्या. गड्डूकडे बघितलं, कूसो म्हणाल्या, तो बसला. मग मला म्हणाल्या, "सात घागरी झाल्या. उद्या नळ आला की भरून दे."

दिल्या भरून. मोजून सात.

अण्णा चार दिवस खांद्यावर टॉवेल घेत नव्हते. पाचव्या दिवशी गड्डू पाणी पिऊन सरळ त्यांच्याकडे गेला आणि धोतरावर तोंड टेकवून उभा राहिला, अख्खं धोतर ओलं केलं. मग घेतला.

चिरंजीवांना मी फोनवर सांगितलं, आपण चूक केली. तो म्हणाला, पण आई आपण त्याला किती नीट सांभाळतो. सांभाळतो रे, ते आहेच. ही कुत्री मुळात आठ-दहा वर्षंच जगतात, त्यातले किती जून त्याला निघतील ते मी मनात मोजत असते. आपल्या मुलखात कारवानी कुत्रा आहे, सडपातळ, आखूड केसांचा, या उन्हात ससा धरणारा. पंचवीस हजार द्यायचीही गरज नव्हती. पण तो रीलमध्ये नव्हता.

मागच्या एप्रिलमध्ये एक गृहस्थ आले, नवऱ्याच्या ओळखीतून, बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. असंच पिल्लू हवं होतं त्यांना, आमचा पत्ता कुणीतरी दिला. दुपारचा दीड वाजला होता. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात अण्णांनी त्यांच्या हातात एक टॉवेल दिला आणि शेडमध्ये नेलं. खड्ड्याशेजारी खुर्ची टाकली. "बसा. चार वाजेपर्यंत बसा, मग बोलू."

कूलर चालू होता, तरी पत्रा तापलेला. गड्डू खड्ड्यात, जीभ वीतभर बाहेर, धापा. दर मिनिटाला तार लोंबायची आणि अण्णा मानेनं खूण करायचे, पुसा. ते पुसायचे. मुलगी आधी हसत होती, मग खाली बसली, मग तिनं बापाला विचारलं, "पप्पा, याला काय होतंय?" ते काही बोलले नाहीत. पुसत राहिले. अण्णा पण काही बोलले नाहीत. मी सरबत नेऊन दिलं, ग्लासात केस पडला, त्यांनी काढून टाकला आणि प्यायले.

सव्वातीनला ते उठले. नमस्कार केला, येतो म्हणाले, पिल्लाचा विषय काढला नाही. गाडी गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा माझ्या लक्षात आलं की टॉवेल त्यांच्या खांद्यावरच गेलाय. मी हाक मारणार होते. अण्णा म्हणाले, राहू दे, सेकंडचा होता.